तिसऱ्या दाराची परीक्षा

“नॉन सोला भगिनी, जरा सरकता का?” असं कुणीतरी अगदी कानाशी म्हणालं आणि लेटिस ओल्डरॉइड सवयीनं सरकलीसुद्धा. मांडीवरची पियानोच्या पुस्तकांची पिशवी तिनं जवळ ओढली, झगा आवरला, शेजारी बसणाऱ्या माणसाला जागा करून दिली, आणि मग तिच्या काळजात धस्स झालं. नॉन सोला! ब्रॅडफर्डच्या वाफेच्या ट्राममध्ये, भर दुपारी, मासळीवाल्या बाईच्या टोपलीला गुडघे लागत असताना हे नाव कानावर पडणं शक्यच नव्हतं. सप्तद्वार मंडळात तिला डोळ्यांवर पट्टी बांधून, कमरेला दोर लावून आत नेलं होतं, तेव्हा हे नाव तिला मिळालं होतं. आणि ते ठाऊक असलेली माणसं एका टेबलाभोवती मावतील एवढीच होती. बाकी जगाला ती मिस ओल्डरॉइड, घरोघर पियानो शिकवणारी, चाळिशीला टेकलेली, डोक्यात थोडंसं वेड असेल-नसेल अशी बाई. नॉन सोला म्हणजे लॅटिनमध्ये ‘एकटी नाही’. नाव ड्रुसिलानं सुचवलं होतं. “घे गं हेच, तुला शोभतं,” असं म्हणून ती इतकी खदखदून हसली होती की मंडळाचे मुख्य बंधू टॉर्डॉफ यांनी तिच्याकडे डोळे वटारले होते.

शेजारचा माणूस लांबोडका होता, नाक लाल, हातात ओला रुमाल. तो पुढे बघतच बोलत राहिला. “मी मॉसन. दीपबंधूंपैकी. दचकू नका, तुम्हाला पळवून न्यायला आलेलो नाही. तुमची मैत्रीण ड्रुसिला, मिसेस फॉथ्रॉप, अंथरुणाला खिळलीय. छातीत पाणी झालंय. डॉक्टरनं हात टेकलेत. तुम्हाला एकदा बघायचंय म्हणते. मॅनिंगहॅमच्या चढावर, चर्चच्या मागं, पिवळ्या पडद्याचं घर. आज या, उद्या या, पण या.” मग तो शिंकला. “हे नाव घेतल्याशिवाय तुम्ही माझं ऐकणार नाही, असं तीच म्हणाली.” लेटिसच्या तोंडून जे बाहेर पडलं ते तिनं ठरवलेलं नव्हतं, ते पाठ होतं. “तुमची काहीतरी गफलत होतेय,” ती म्हणाली. “असल्या कुणाला मी ओळखत नाही.” माणसानं तिच्याकडे पहिल्यांदाच वळून पाहिलं. त्याच्या तोंडावर राग होता की दया, तिला सांगता आलं नसतं. पुढच्या थांब्याला तो उतरला, आणि ती मात्र तिचा थांबा मागं पडला तरी तशीच बसून राहिली.

परीक्षा असेल का ही? मंडळात सात दारं होती, म्हणजे चढत्या सात पायऱ्या, आणि लेटिस दुसऱ्या दाराशी होती. तिसऱ्या दारातून आत घेण्याआधी परीक्षा होते, एवढं सगळ्यांना ठाऊक. कधी, कुठं, कशी, ते कुणी सांगत नसे. ती देवळात होत नाही, म्हणजे चहाच्या वखारीवरच्या त्या खोलीत, जिला सगळे देऊळ म्हणत, तिथं होत नाही. ती रस्त्यात होते, दुकानात होते, पाहुण्याच्या रूपानं घरी येते. पहिल्या वेळी, दुसऱ्या दाराच्या आधी, बागेतल्या बाकावर एक जाडजूड बाई तिच्याजवळ बसली होती आणि गोड गोड बोलून मंडळाची चौकशी करायला लागली होती. “कसलं मंडळ?” असं लेटिसनं विचारलं, इतक्या निरागसपणे की तिचं तिलाच नवल वाटलं, आणि पुढच्या बैठकीला तीच बाई झगा घालून पडद्याआडून बाहेर आली आणि तिनं लेटिसच्या गालाचा मुका घेतला. काय हसले होते सगळे! तेव्हापासून लेटिसला माणसांकडे साधेपणानं बघणं जमेना. दारात कोळसेवाला आला की हा कोण, वाट विचारणारी म्हातारी दिसली की ही कुणाकडून, असं मन उगाच विचारायचं. आणि तिची एकटीचीच ही गत नव्हती. बंधू बिन्स तर इतके सावध की गॅसची नळी तपासायला आलेल्या माणसाला त्यांनी गुप्त खूण केली, दोन बोटं कपाळाला लावून. त्या बिचाऱ्यानं शेजारणीला जाऊन सांगितलं की वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आजारी दिसतात. हे सांगताना ड्रुसिलाच्या डोळ्यांत पाणी यायचं हसून हसून.

ड्रुसिला. तिच्याशिवाय कशातच काही अर्थ नव्हता, हे लेटिसला ट्रामच्या त्या बाकावर पुन्हा एकदा लख्ख कळलं आणि तिला त्याची लाज वाटली. माणसं मंडळात येत ती सृष्टीचं गूढ उकलायला. ती आली होती कारण औषधवाल्याची ही विधवा तिच्या शेजारी बसून तिच्या कानात चावट काहीतरी पुटपुटायची. तीच तिची जामीन. कुणाच्या तरी जामिनाशिवाय मंडळात प्रवेश नव्हता. ध्यानाच्या वेळी सगळे डोळे मिटून प्रकाशाचा खांब बघायचे तेव्हा लेटिसला बाजूच्या हाताची ऊब तेवढी कळायची. आणि मग दीपबंधू आले. कालव्यापलीकडच्या एका हॉलात त्यांनी बस्तान मांडलं, आणि टॉर्डॉफसाहेबांची झोप उडाली. त्यांच्याकडे हार्मोनियम आहे म्हणे. त्यांची गादी खुद्द इजिप्तहून आलीय म्हणे, आणि आमची कुठून आली, नुसत्या न्यूरेंबर्गहून! त्यांच्याकडे चहाबरोबर लोणी लावलेले पाव देतात. एकेक करून माणसं तिकडं सरकू लागली. टॉर्डॉफ म्हणायचे, चोर आहेत, आमचे विधी चोरून नेले. आणि तिकडचे म्हणत, यांचे विधी चोरावेत असे आहेत तरी कुठं. दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या दारात उभं राहून नवख्यांना गाठायचे, आणि नवखी माणसं बिचारी गांगरून दोन्हीकडचा चहा पिऊन घरी जायची. एक दिवस ड्रुसिलाच म्हणाली, “लेटी, मी जातेय. तिकडं बायकांनाही मुख्याच्या खुर्चीवर बसवतात. इथं मला जन्मभर मेणबत्त्याच पुसायला लावतील. चल तू पण.” लेटिस म्हणाली, बघते. बघते म्हणाली! तिला शपथेची भीती वाटली, की टॉर्डॉफची, की नुसती सवय मोडायची, हे तिचं तिलाही सांगता आलं नाही. पुढच्या बैठकीला ड्रुसिलाची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. तशीच रीत होती. सोडून गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूनं चालायचं. लेटिस एकदा खरंच पलीकडच्या बाजूनं चालली होती. ड्रुसिलानं इकडून हात हलवला होता आणि हसली होती.

पण मॉसन भेटण्याच्या आधीपासूनच लेटिसच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती, आणि ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. समजा, ड्रुसिला गेलीच नसेल तर? समजा, हे सगळंच, खुर्ची, भांडण, दीपबंधू, आपल्यासाठी रचलेलं असेल तर? “परीक्षा तुझ्या दुखऱ्या जागेवरच येणार बघ,” असं ड्रुसिलाच म्हणाली होती कधीतरी, टोपीला टाके घालता घालता. आता आली. याहून दुखरी जागा दुसरी कुठली होती? लेटिसला एकाएकी इतका आनंद झाला की ट्राममधल्या मासळीवालीनं तिच्याकडे संशयानं पाहिलं. जायचं नाही. गेलं तर नापास. शपथ मोडली, आणि ड्रुसिला पडद्याआडून मान हलवत बाहेर येईल. नाही गेलं तर ती हसत बाहेर येईल. दोन्ही वेळा बाहेर तीच येणार, पण तिनं हसत यावं असं लेटिसला वाटत होतं. मग रात्री उशीवर डोकं टेकल्यावर दुसराच विचार आला: आणि खरंच असेल तर? खरंच छातीत पाणी झालं असेल तर? तो विचार आला तसा तिनं परतवला, कारण परीक्षेत नेमका हाच विचार यावा म्हणून तर ती परीक्षा.

नियम होता की दुसऱ्या मंडळाचा कुणी भेटला तर मुख्य बंधूंना सांगायचं. ती टॉर्डॉफना त्यांच्या पेढीवर जाऊन भेटली. ते लोकरीचे दलाल. खिडकीशी उभं राहून लोकरीचा पुंजका दोन बोटांत ओढून बघत होते, आणि खोलीभर मेंढ्यांच्या तेलकट अंगाचा वास होता. हाच वास बैठकीत त्यांच्या झग्यालाही यायचा. तिनं सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा हलला नाही. बाजारात भाव चढो की पडो, हा माणूस भुवईसुद्धा हलवत नाही अशी त्याची ख्याती होती. “हं,” ते म्हणाले. “मग तुम्ही काय ठरवलंत?”

“ते मला कळेना म्हणून तर आले, साहेब. ती खरंच आजारी आहे का?”

“कोण?”

“ती. म्हणजे... ती.” नाव घ्यायचं नव्हतं.

“भगिनी, मी हो म्हटलं तरी तुम्ही म्हणाल मी परीक्षा घेतोय. नाही म्हटलं तरी तेच म्हणाल.” त्यांनी पुंजका दुसऱ्या खोक्यात टाकला. “ती दिवेवाली मंडळी काय थराला जातात ते तुम्हाला ठाऊक नाही. मागं एकीला म्हणे मेलेल्या नवऱ्याचा निरोप आलाय असं सांगून नेली. आता हार्मोनियम वाजवतेय तिकडं. तुम्ही तर चांगला पियानो वाजवता.” लेटिसला हे सुचलंच नव्हतं. म्हणजे ती परीक्षा नसेल, गळ असेल. दीपबंधूंना वाजवणारी बाई हवी असेल. आणि ड्रुसिलानं, तिच्या ड्रुसिलानं, त्यांना तिचं गुप्त नाव आमिष म्हणून दिलं असेल. हे तर सगळ्यात वाईट होतं. ती जिना उतरली तेव्हा तिच्या डोक्यात तीन ड्रुसिला होत्या, एक मरायला टेकलेली, एक पडद्याआड हसू दाबून उभी, एक गळ टाकून बसलेली, आणि तिन्हींवर तिचा सारखाच जीव होता.

एके दुपारी, धाकट्या मिस रॅम्सडेनची शिकवणी आटपून, ती मॅनिंगहॅमचा चढ चढलीच. आपण फक्त चर्च बघायला चाललोय असं तिनं स्वतःला सांगितलं. गिरण्यांच्या धुरानं काळा पडलेला दगड, ओला रस्ता, पायांत गोळे. चर्चच्या मागं खरंच एक पिवळ्या पडद्याचं घर होतं. ते असावं याचाच तिला धक्का बसला, जणू मॉसननं सांगितलेलं घर हवेत असायला हवं होतं. वरच्या खिडकीत पडदा अर्धा ओढलेला, आत काहीतरी हललं, बाई असेल, नाही तर नुसता कपडा. लेटिस समोरच्या कुंपणाला धरून उभी राहिली. दार वाजवायला रस्ता ओलांडायचा, बस, एवढंच काम. पण आत कोण असेल? झगा घातलेली बागेतली ती जाडी बाई असेल, “अरेरे, भगिनी,” म्हणेल, आणि ड्रुसिलाची खुर्ची भिंतीकडे तोंड करून कायमची राहील. इतके दिवस दात-ओठ आवळून धरलेलं सगळं या एका दाराशी वाया जाईल. आणि ती खरंच आत असेल, खरंच तशीच असेल, तर? तर मग दार वाजवल्यावर काय बोलायचं असतं, हेही लेटिसला आठवेना. तिला ड्रुसिलाचा आवाज आठवून बघावासा वाटला आणि तोही येईना. घशात धुराची खवखव तेवढी होती. ती माघारी वळली. उतारावरून तिला कुणीतरी ढकलत असल्यासारखी ती भरभर खाली आली आणि ट्रामच्या थांब्यावर उभी राहून रडली.

मॉसन पुन्हा भेटला तो रॅम्सडेनांच्या फाटकाशीच. टोपी हातात, नाक अजून लाल. “मिस ओल्डरॉइड, आता नाटकं पुरे करा,” तो म्हणाला. “फार दिवस नाहीत.”

“मी तुम्हाला ओळखत नाही.”

“अहो, ट्राममध्ये शेजारी बसला होतात माझ्या!”

“मी रोज कुणा ना कुणाच्या शेजारी बसते.”

“धन्य आहे तुमची!” तो एकदम ओरडला. “मी कापडाच्या दुकानात उभा असतो दिवसभर. जेवणाची सुट्टी मोडून हा चढ-उतार करतोय, तो काय हौस म्हणून? तुमचं ते मंडळ घाला चुलीत, आणि आमचंही घाला! एक बाई मरतेय, आणि तुम्ही मला खुणा करताय!” लेटिसच्या लक्षात आलं की तिची दोन बोटं खरोखरच कपाळाशी गेली होती. तिनं ती खाली घेतली. त्याचा राग इतका अस्सल होता की तिच्या मनात आलं, काय छान करतो हा माणूस, याला कुठं सापडला असेल टॉर्डॉफना. आणि लगेच स्वतःचीच किळस आली. “विचार करते,” ती म्हणाली. तो वळला, नाक पुसत निघून गेला.

रविवारी दुपारी बैठक होती. चहाच्या पेट्यांचा वास खालून येत होता, वरती कापूर जळत होता, आणि निम्मी माणसं दारूबंदीवाली असल्यामुळे विधीच्या पेल्यात आल्याचं सरबत होतं. लेटिसला मधे उभं केलं. टॉर्डॉफ झग्यात आणखी ठेंगणे दिसत होते. “भगिनी नॉन सोला,” ते म्हणाले, “तुम्हाला बोलावणं आलं. गोड शब्दांनी आलं, रागानं आलं. तुमच्या जिव्हाळ्याच्या माणसाच्या नावानं आलं. तुम्ही गेला नाहीत. तिसरं दार तुम्हाला उघडलं आहे.” रागानं आलं! रागाचं तिनं त्यांना सांगितलंच नव्हतं. म्हणजे मॉसन यांचाच! लेटिस पडद्याकडे बघत राहिली. पडदा हलला. बंधू बिन्स सरबताचा पेला घेऊन बाहेर आले, झग्यात पाय अडकून जरासे धडपडले, आणि सगळ्यांनी हळूच टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मागं कुणी नव्हतं. विधी संपल्यावर तिनं टॉर्डॉफना कोपऱ्यात गाठलं. “झालं ना आता? आता सांगा, ती कुठाय?” त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “रॅम्सडेनांची मोलकरीण सांगत होती, तो गडी फाटकाशी फार आरडाओरडा करून गेला म्हणे. तुम्ही खंबीर राहिलात.” हे वाक्य तिच्या कानांवरून गेलं, आत शिरलं नाही. तिला ते ओठांवरचं बोट तेवढं दिसलं होतं. थांब, असा त्याचा अर्थ होता. अजून थोडं थांब. ती घरीच आहे, उद्या जा आणि गाठ तिला.

सोमवारी सकाळी तिनं आल्याचा केक घेतला, काळसर, चिकट, ड्रुसिलाला आवडणारा, आणि शिकवणीला दांडी मारून ती चढ चढली. सोमवार धुण्याचा, गल्लीगल्लीत दोऱ्यांवर चादरी लटकत होत्या आणि बायका त्यांच्याखालून वाकून जात एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढत होत्या. लेटिसला ते सगळं फार आवडलं. इतक्या महिन्यांनी तिला माणसं नुसती माणसं दिसत होती. काय बोलायचं तेही ठरलं होतं: “काय गं सटवे, मला रडवलंस ना!” पिवळे पडदे पूर्ण ओढलेले होते. दार उघडलं ते एका हाडकुळ्या बाईनं. काळे कपडे, सुजलेले डोळे, जबड्याची ठेवण थेट ड्रुसिलाची. ती तिची बहीण कीझाया. लेटिसनं तिच्याबद्दल ऐकलं होतं, पाहिली कधी नव्हती.

“कोण आपण?”

“मी लेटिस. लेटिस ओल्डरॉइड.” लेटिस हसत होती. तिला हसू आवरेना. काळे कपडेसुद्धा! यांनी काही म्हणून बाकी ठेवलं नाही. “मी पास झाले. आता बोलवा तिला.”

“कुणाला?” कीझाया म्हणाली. “बाई, हसताय काय?”

लेटिस तिला बाजूला सारून आत गेली, जिना चढली. वरच्या खोलीत खिडकी सताड उघडी होती, गादी गुंडाळून भिंतीला लावलेली, पलंगाच्या लोखंडी पट्ट्या उघड्या पडलेल्या. व्हिनेगरनं पुसलेल्या फरशीचा वास येत होता. कपाट होतं. तिनं कपाट उघडलं. त्यात एक टोपी होती, बाकी काही नाही. “बस झालं, ड्रुसी,” ती मोठ्यानं म्हणाली. “बाहेर ये.” खालच्या गल्लीत कुणीतरी चादर झटकली. कीझाया दारात येऊन उभी राहिली होती. ती रागावलेली नव्हती, नुसती दमलेली होती.

“शुक्रवारी गेली,” ती म्हणाली. “काल चर्चनंतर पुरली. तुम्हीच ना त्या पियानोवाल्या? मला वाटलंच.”

लेटिस तिच्या तोंडाकडे बघत राहिली. डोळ्यांकडे, हातांकडे, काळ्या बाहीच्या शिवणीकडे. कुठंतरी फट असेल. अजूनही तिचं मन फट शोधत होतं, आणि ते तिला दिसत होतं, आणि थांबवता येत नव्हतं. “तुम्हाला कुणी पाठवलं?” ती म्हणाली.

कीझायानं उसासा टाकला. “असंच विचाराल म्हणाली होती ती. म्हणाली, लेटी यायची नाही. तिला वाटेल परीक्षाच आहे. मी म्हटलं, मग मी जाते आणि हाताला धरून आणते. तर म्हणाली, नको, तूही परीक्षाच वाटशील. आणि हसायला लागली. हसताना तिला दम लागायचा, तरी हसायची.”

हे कुणी रचू शकलं नसतं. टॉर्डॉफना रचता आलं नसतं, सगळ्या मंडळाला मिळून आलं नसतं. हे तिचंच होतं. लेटिसला तो आवाज ऐकू आला, इतके दिवस न आलेला, अगदी स्पष्ट, आणि तेव्हा तिला कळलं की ड्रुसिला मेली. ती पलंगाच्या उघड्या पट्ट्यांवर खाली बसली. पट्ट्या मांड्यांना रुतल्या. केकचं पुडकं तिच्या हातात तसंच होतं. कीझायानं ते हळूच काढून घेतलं आणि खिडकीत ठेवलं.

“रागावली होती का माझ्यावर?” तिनं विचारलं.

“छे. ती कसली रागावते.” बोलावं की नको असं कीझायाच्या तोंडावर दिसत होतं, पण ती सरळ बाई होती. “दार वाजलं की मात्र विचारायची, कोण आलंय बघ गं म्हणून. दूधवाला आला तरी विचारायची.”